घरचा बर्फ

बाबा शनिवारी गेले. दुपारी ते जेवले, ओटीवर जाळं घेऊन बसले, आणि चारच्या सुमाराला आत्याने हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली नाही. जाळं मांडीवर होतं. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या.

या प्रकरणात मी आमच्या फ्रीजबद्दल लिहिणार आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बापाचं लिहायला बसलीस ना? मग फ्रीजचं कशाला?" मी म्हटलं, एकाचं लिहायला घेतलं की दुसऱ्याचं येतंच. ती म्हणाली, "बरं. पण बर्फाचं नीट लिही. उगाच त्यांना वेडं ठरवू नकोस." तेव्हा मी नीट लिहिण्याचा प्रयत्न करते.

आमचं घर डहाणूला खाडीजवळ. पुढे ओटी, मग एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि समोरच्या मोकळ्या जागेत बांबूच्या मांडवावर दोरीला जोडीजोडीने अडकवलेले बोंबील. बाबा तांडेल होते, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि घरी कधी फिरायचं हे ठरवणारे. बोटीवर सहा-सात माणसं त्यांचं ऐकायची. घरात आम्ही दोघी होतो आणि ऐकल्यासारखं करायचो. शेजारच्या दारात आत्या राहायची, बाबांची मोठी बहीण, सुकी मासळी विकणारी. ती बाबांना सगळ्यांसमोर बाळ्या म्हणायची. खलाशी बोलवायला आले की ती मुद्दाम मोठ्याने विचारायची, "बाळ्या, अंगोळ केलीस का रे?" आणि तांडेल मान खाली घालून "हो" म्हणायचे.

बाबांचं बर्फावर फार प्रेम होतं. त्यात नवल काही नाही. बोट निघायच्या आधी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या टेम्पोत गोणपाटाखाली यायच्या, त्या लाकडी मोगरीने फोडून बोटीच्या खणात भरायच्या, आणि त्यानंतर समुद्रात किती दिवस राहायचं हे वारा किंवा माणूस ठरवत नसे, बर्फ ठरवत असे. बाबा म्हणत, "डिझेल संपलं तर कुणीतरी दोरी टाकून ओढून आणेल. बर्फ संपला तर पापलेट आपल्या डोळ्यांदेखत मऊ होतं, आणि आपण नुसतं बघायचं." लहानपणी मला वाटायचं की बर्फ ही धान्यासारखी वस्तू आहे, कुठेतरी पिकते.

फ्रीज आला तेव्हा मी आठवीत होते. दोन दारांचा, राखाडी, वरती फ्रीजर. त्याच्यासोबत एक पुस्तिका होती आणि घरातलं कुठलंही छापील वाचायचं काम माझं होतं, म्हणून बाबांनी मला ओटीवर बसवून ती वाचायला लावली. इंग्रजीतून मराठी करत करत मी वाचत होते. या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, असं त्यात दोन-तीनदा आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. बाबांनी मला थांबवलं.

"परत वाच."

"या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही."

"छापलंय तसं?"

"हो."

ते आईकडे वळले. "बघ. कंपनीने आधीच हात वर केलेत. बर्फ होत नाही असं छापून विकतात आणि आपण घेऊन येतो."

आईने त्यांना समजावलं की ट्रेमध्ये पाणी ठेवलं की खडे होतात, बर्फ होत नाही म्हणजे भिंतींना चिकटत नाही. त्यांनी ट्रेमधले बारा खडे एका वाटीत ओतून पाहिले आणि म्हणाले, "एवढ्यात एक मांदेली पण राहणार नाही." तरीही पाहुणे आले की त्या खड्यांचं लिंबू सरबत होऊ लागलं, आणि ग्लास पुढे करताना बाबा हमखास सांगू लागले, "घरचा बर्फ आहे."

पहिल्या दिवाळीनंतर फ्रीजच्या खालच्या भागात पाणी गळायला लागलं, आणि आईने तलासरीहून मामाला बोलावलं. दामूमामा आईचा धाकटा भाऊ. त्याचं दुकान तलासरीला हायवेच्या बाजूला, एका खोलीत आठ-दहा फ्रीज दारं उघडी टाकून उभे असायचे. गुजरातच्या बाजूच्या ढाब्यांची कामं करून करून त्याची बोली अर्धी तिकडची झालेली. बाबा त्याला दामूशेट म्हणायचे, तो बाबांना भावजी म्हणायचा, आणि दोघांचं एकमेकांवाचून आणि एकमेकांशी, दोन्ही जमत नसे. मामाने फ्रीजर रिकामा केला, मागच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले, आणि पाणी जायच्या भोकातून चिमट्याने एक सुकलेला जवळा बाहेर काढून तळहातावर ठेवला. केसाएवढी ती कोळंबी. "हा तुमचा मेकॅनिकल प्रॉब्लेम," तो म्हणाला.

पत्रा उघडाच होता म्हणून त्याने बाबांना आत दाखवलं. ही कॉइल, हिच्यावर गारवा तयार होतो. हा पंखा, तो गारवा ढकलतो. आणि कॉइलच्या खाली ही काचेची नळी आहे ना, हा हीटर.

"हीटर," बाबा म्हणाले.

"हीटर. दर काही तासांनी हा टायमर त्याला चालू करतो. कॉइलवर जेवढा बर्फ धरलाय तेवढा वितळतो, पाणी या भोकातून खालच्या ट्रेमध्ये जातं, उडून जातं. म्हणून तुम्हाला बर्फ दिसत नाही."

"म्हणजे बर्फ होतो."

"रोज होतो."

"आणि हा त्याला मारतो."

"मारतो."

"वीज खाऊन."

"वीज खाऊन, भावजी. काय वांधो नथी, थोडीच खातो."

जेवताना बाबांनी दुसरी भाकरी घेतली नाही. मामाला वाटलं त्यांची तब्येत बरी नाही.

थंडी संपत आली तेव्हा आमच्या फ्रीजरमध्ये बर्फ दिसू लागला. आधी मागच्या पत्र्याच्या फटींतून पांढरी मिशी फुटल्यासारखा, मग पत्र्यावर साय धरावी तसा, मग चांगला बोटभर. पंखा बर्फाला घासायला लागला आणि स्वयंपाकघरात दिवसभर घरघर, मध्येच टकटक, मग एक उसासा आणि शांतता असा आवाज येऊ लागला. खालच्या भागात दूध फाटलं. आईने मामाला फोन लावला, आणि फोन माझ्या हातात दिला, कारण मामाचे प्रश्न परीक्षेसारखे असत.

"दारात कागद अडकवून दार लाव. आता ओढ. सहज निघतोय?"

"नाही. फाटला."

"म्हणजे दाराचं रबर चांगलं आहे. कसला कागद होता?"

"भूगोलाची वही."

"चालशे. भोकात कोमट पाणी ओत. खाली जातंय?"

"जातंय."

"पंखा ऐकू येतो?"

"घरघरतोय."

ओटीवरून बाबा म्हणाले, "गातोय म्हणून सांग त्याला."

मामा स्वतः आला. टायमरच्या खाचेत पेचकस घालून, त्याला तो डिस्मिस म्हणायचा, टक असा आवाज येईपर्यंत फिरवला आणि वाट पाहत बसला. हीटर काही तापेना. पुढच्या वेळी त्याने टायमरच नवा आणून बसवला. तरी नाही. आता पत्रा उघडून हीटर आणि त्याच्या तारा मीटरने तपासायच्या राहिल्या होत्या, पण पत्र्यावर चार बोटं बर्फ होता, आणि तो वितळवायला मामा बसला रे बसला की बाबा ओटीवरून यायचे आणि म्हणायचे, "दामूशेट, आधी जेवून घे. बोंबील गार होतात." तळलेले ओले बोंबील पाहिले की मामाचं काही चालत नसे. तो जेवायचा, बाबा त्याला वाढत राहायचे, आणखी दोन घे, हे तुझ्यासाठीच ठेवलेत, आणि तेवढ्यात तलासरीची शेवटची बस जवळ आलेली असायची. असं तीनदा झालं. जाताना मामाचा चेहरा पडलेला असायचा. पत्रा त्यानेच उघडला होता, त्यानेच बसवला होता. आपल्याच हातून काहीतरी मोडलं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आईला तो एकदा फाटकाशी म्हणाला, "ताई, सगळ्या हायवेचे फ्रीज मी नीट करतो आणि सख्ख्या बहिणीचा होत नाही. दुकानात कुणाला सांगायची सोय नाही."

बाबा मात्र त्या वर्षी फार खुशीत होते. दर रविवारी ते माझ्या कंपासमधली पट्टी घेऊन फ्रीजरमध्ये बर्फाची जाडी मोजायचे आणि भरतीचं पाणी सांगावं तसं आईला सांगायचे, "आज तीन सेंटिमीटर." दूध फाटायला लागलं की आई फ्रीज बंद करून दार उघडं ठेवायची आणि फडकी अंथरायची, याला ती फ्रीजचा उपास म्हणायची. त्या आधी बाबा लाकडी उलथन्याच्या दांड्याने हलके ठोकून बर्फ सोडवत, पत्र्याच्या डब्यात भरत आणि सायकलला बांधून बोटीवर नेत. सहा लाद्यांच्या ढिगावर ते तो डबाभर बर्फ ओतत. खलाशी म्हणत, "आला, तांडेलांचा कारखाना आला." बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणत, "हसा. हा सगळ्यांत शेवटी संपतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. बाबांची एक गाठ होती. निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा त्यांच्या खिशात कायम असायचा आणि घरातलं जे जे सुटं दिसेल ते ते बांधून टाकायची त्यांना सवय होती. बोटीवर सुटी वस्तू राहिली की ती कुणाच्या तरी पायात येते, म्हणून. झाडूचा दांडा, माझ्या दप्तराचा पट्टा, नळाची नळी, आत्याच्या छत्रीची काडी, सगळ्यांना तीच गाठ: दोन वेढे, आणि दोऱ्याचं टोक परत आत खोवलेलं. कितीही ओढा, घट्ट होत जायची. पण ते खोवलेलं टोक नेमकं सापडलं आणि ओढलं की एका झटक्यात सुटायची, दोरा ओला असला तरी. इतर तांडेल वेगळ्या गाठी मारतात. ही बाबांची होती, आणि टोक कुठे शोधायचं हे आईला आणि मला माहीत होतं.

मे संपता संपता बोट शेवटच्या फेरीवरून आली. पुढचे दोन महिने मासेमारी बंद, बोटी वर ओढून माडाच्या झापांनी झाकायच्या. त्या फेरीत एक मोठा दाढा मिळाला होता. दाढा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा, कुणाकडे सोयरीक ठरवायला जाताना न्यावा असा. अंग वाटून गेलं, डोकं बाबांकडे आलं, कारण बोटीवर डोकं तांडेलाचं. ते त्यांनी केळीच्या पानात गुंडाळलं, स्टीलच्या डब्यात घातलं, फ्रीजरमध्ये मागे ढकललं आणि जाहीर केलं, "हे नारळी पौर्णिमेला. दर्याला नारळ दिला की घरी येऊन हेच खाणार. तोवर उपास बंद."

उपास बंद झाल्यावर काय होणार ते झालं. बर्फ डब्याभोवती आला, डब्यावरून गेला, दारापर्यंत आला. फ्रीजरचं दार नीट लागेना, मग बाहेरची दमट हवा आत जाऊन आणखी बर्फ. पंखा आधी बोबडा झाला आणि एक दिवस मुकाच. खालच्या भागात आम्ही कांदे ठेवायला लागलो. आत्या आईला म्हणायची, "मंदा, एवढं मोठं कपाट मी कुठे पाहिलं नाही, दिवा पण लागतो त्यात." बाबा वरचं दार उघडून त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत उभे राहायचे. माझी पट्टी त्याच दिवसांत हरवली.

मग तो शनिवार.

सुतकाचे दिवस मी लिहिणार नाही. माणसं येत होती, जेवण इतरांच्या घरून येत होतं, आणि स्वयंपाकघरात पहिल्यांदाच कुठला आवाज नव्हता. मामा पहिल्या दिवशी आला, कोपऱ्यात बसला, फ्रीजकडे त्याने पाहिलंही नाही.

आमच्या घरात अशी रीत आहे की सुतक फिटेपर्यंत मासळी शिजत नाही, आणि चौदाव्या दिवशी तिखट करतात, म्हणजे मासळीचं जेवण. त्यातलं पहिलं पान गेलेल्याचं. गेलेला तांडेल असला तर ते पान त्याच्या बोटीच्या पुढच्या टोकावर नेऊन ठेवायचं, आणि त्या पानात मासळीचं डोकं हवं. अकराव्या दिवशी आत्याने विषय काढला. भर पावसाळा, बोटी बंद. "बाजारात बर्फातलं काहीतरी मिळेल. आणते मी एखाद्या सुरमईचं."

आई इतक्या दिवसांत फारशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "त्यांचं डोकं घरात आहे. त्यांनीच ठेवलंय. दुसऱ्याचं कशाला?"

आम्ही तिघींनी जाऊन फ्रीजरचं दार उघडलं. डबा दिसतही नव्हता. आत्याने थोडा वेळ पाहिलं, घरी गेली आणि कोयता घेऊन आली. मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या आणि तिला हव्या असलेल्या गोष्टीच्या मध्ये उभी राहिले.

"बाजूला हो बाय. दोन घावांचं काम आहे."

"आत्या, आत नळ्या आहेत. एक जरी फुटली तर गॅस जाईल आणि फ्रीज कायमचा संपेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"मामाने. आणि पुस्तिकेत आहे."

"पुस्तिकेत तर बर्फ होत नाही असं पण आहे," आत्या म्हणाली. मी मामाला फोन लावून तो आत्याच्या कानाला लावला. मामा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण आत्याने कोयता पाटावर ठेवला आणि म्हणाली, "गरम पाणी ठेव. उद्या येतोय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही बसलो. फ्रीजची पिन काढली. फ्रीजरच्या पुढच्या कडेवर जेवढी जागा मिळाली तिथे गरम पाण्याच्या वाट्या ठेवल्या, गार झाल्या की बदलल्या, समोर टेबलफॅन लावला, खाली गोणपाट आणि बाबांच्या दोन जुन्या लुंग्या अंथरल्या. घाई करायची नाही, ओढायचं नाही, लोखंड लावायचं नाही, असा मामाचा हुकूम होता. बर्फ एकेक थर सोडत गेला आणि एकेक वस्तू परत देत गेला. आधी दोन लिंबं. मग चिकूच्या गराची वाटी, जी मी चोरून संपवली असा माझ्यावर आळ होता. मग आत्याने पावसाळ्याच्या तोंडावर ठेवायला दिलेली आणि आम्ही परत केली नाही असं ती गावभर सांगत असलेली ओल्या नारळाची पिशवी. आत्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं होतं?" आणि मग, उभी, अर्धी बर्फात आणि अर्धी बाहेर, माझी पट्टी. बाबांनी मोजायला खोवली असणार आणि बर्फ तिच्याहून पुढे निघून गेला असणार. शेवटच्या रविवारी किती सेंटिमीटर झाला ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आई हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा. मग तिने तोंडावर पदर धरला आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघू लागलो.

डबा दुपारी निघाला. आईने झाकण उघडून पान बाजूला केलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. डोकं कडक होतं, चांगलं होतं. पण तिखटाला दोन दिवस होते आणि फ्रीज बंद. आत्याच्या घरून थर्माकोलचा खोका आणला. आता त्यात भरायला बर्फ हवा, आणि बोटी बंद असल्या की कारखान्यातून सुटी लादी कोण आणून देणार, असं आत्या म्हणेपर्यंत आम्ही तिघींनी गोणपाटाकडे पाहिलं. फ्रीजरमधून सुटलेली ढेकळं तिथे पडली होती, विटांएवढी, पांढरी. मी ती भरली. तळाला थर, मध्ये डबा, वर थर. खोका गच्च भरून वर थोडा उरला.

"हा शेवटी संपतो म्हणायचा," आत्या म्हणाली. खोक्याला तिने आपल्या हाताने दोरी बांधली.

मामा तिसऱ्या प्रहरी आला, रेनकोटमधून पाणी निथळत, पिशवीत मीटर आणि एक नवा हीटर. आता पत्र्यावर बर्फ नव्हता आणि बोंबील वाढणारंही कुणी नव्हतं. त्याने स्क्रू काढले, पत्रा ओढला, टॉर्च आत धरला. आणि तसाच राहिला. इतका वेळ, की आत्याने विचारलं, "विंचू आहे का रे?"

मामाने मला जवळ बोलावलं. हीटरच्या दोन तारा टायमरकडून येणाऱ्या तारांना एका प्लास्टिकच्या जोडात भेटतात. तो जोड सुटलेला होता. तुटलेला नाही, जळलेला नाही, सोडवलेला. सुटी दोन्ही टोकं पंख्याच्या पात्यात येऊ नयेत म्हणून बाजूला वळवून कडीला बांधून ठेवली होती. निळ्या दोऱ्याने. दोन वेढे, टोक परत आत खोवलेलं.

"माझा भाऊ असलं काही करणार नाही," आत्या मागून म्हणाली. मग ती वाकली, तिने पाहिलं, आणि सरळ होऊन पाटावर बसली. "बाळ्या," ती म्हणाली, तो ओटीवर असल्यासारखं.

मामा जमिनीवर, ओल्या लुंगीवर बसला आणि हसायला लागला. "म्हणजे माझा हात नव्हता," तो म्हणत होता, "ताई, माझा हात नव्हता. तीन वेळा मला बोंबील खाऊ घातले. आणखी दोन घे, तुझ्यासाठीच ठेवलेत. मी म्हणतोय, भावजी किती जीव लावतात." हसता हसता त्याने मनगटाने डोळे पुसले आणि मग बराच वेळ नुसतेच पुसत राहिला. माझ्या मनात दिवाळीनंतरची ती दुपार फिरत होती, न घेतलेली दुसरी भाकरी. एवढ्या मोठ्या समुद्रावर ज्याच्यासाठी माणूस जीव टाकतो ते आपल्या घरात रोज फुकट तयार होतंय, आणि रोज कुणीतरी ते वितळवून टाकतंय, हे त्यांना बघवलं नसणार. ते काम कधी केलं, कोण घरी नव्हतं, स्क्रू कशाने काढले, हे विचारायचं राहिलं.

मामाने पिशवीतून कटर काढला. आई म्हणाली, "थांब."

तिने टॉर्च माझ्या हातात दिला, आत हात घातला, बोटाने चाचपडून टोक शोधलं आणि ओढलं. गाठ सुटली.

पुढचं काम मामाचं आणि ते सोपं होतं. मीटरचा काटा हलला, हीटर चांगला होता, नवा लागलाच नाही. जोड जोडला, पत्रा बसवला, फ्रीज चालू केला. कॉइल गार झाल्याशिवाय हीटर तापत नाही, म्हणून त्याने आम्हाला थांबायला लावलं आणि चहा प्यायला. संध्याकाळी त्याने टायमरच्या खाचेत डिस्मिस घातला आणि टक आवाज येईपर्यंत फिरवला. पंखा थांबला. आम्ही चौघं स्वयंपाकघरात उभे होतो. थोड्या वेळाने फ्रीजच्या पाठीमागून, खालच्या ट्रेमध्ये, एक थेंब पडला. मग दुसरा. आई खाली बसली आणि कान देऊन ऐकत राहिली.

चौदाव्या दिवशी आईने दाढ्याच्या डोक्याचं कालवण केलं, चिंच घालून, तांदळाच्या भाकरीसोबत. पाऊस थांबलेला असताना मी आणि मामा पान घेऊन किनाऱ्यावर गेलो, बोटीवरचे झाप बाजूला सारून ते पुढच्या टोकावर ठेवलं आणि मागे सरून उभे राहिलो. शेजारच्या बोटीवर कावळे आधीपासून बसले होते. फार वाट पाहायला लागली नाही. खोक्यातला उरलेला बर्फ मामाने वाटेत माझ्याकडून घेतला होता; तो त्याने तिथेच, बोटीच्या खणात ओतला.

मी आता तलासरीला शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत कधी मामाच्या दुकानात जाते. एखादा फ्रीज उघडला की तो आधी टॉर्च आत धरून हीटरच्या तारा बघतो. गिऱ्हाईक विचारतं, काय बघताय, तर तो म्हणतो, सवय आहे. आत्या थकली आहे, पण नारळाची ती पिशवी आपण कधी मागितलीच नव्हती या मतावर ठाम आहे. पट्टी माझ्या टेबलावर असते. निळा दोरा आईने कुठे ठेवला ते मी विचारलेलं नाही.

फ्रीज अजून चालतो. त्यात बर्फ साचत नाही.